रबरी बेंडूक

हवाई चपलेचा टाचेकडचा तुकडा,
जिथे चालून चालून रबर मऊ पडलेलं असतं,
तोच घ्यायचा.
नवं रबर पाण्यात ओरडतं, असं झिबलचं म्हणणं.

सायकलची तार तापवून आरपार एक भोक.
गरीचं टोक वर, पाठीला टेकलेलं,
म्हणजे कमळाच्या देठात अडकत नाही.
मागे पाय म्हणून खताच्या पोत्याचे धागे,
चार इकडे, चार तिकडे.
मी खिळ्याने डोळे कोरायला बसलो तर हसला:
"डोरे कायले बे? तिले काय त्याचा फोटो काढाचा हाय?"

चिचटोल्याची बोडी, पहाटेचे साडेपाच.
वेळूची काठी, काठीएवढाच तंगूस.
मरळ दिसली तरी तिच्यावर फेकायचं नाही.
तिच्या पलीकडे, पानावर.
पानावर बेंडूक बसला की बसू द्यायचा,
अर्धी बिडी होईपर्यंत.
काहीतरी पडलं हे पाण्याने विसरायला हवं.

मग मनगट. खांदा नाही, कोपर नाही.
माहेरी आलेली पोर सासरचं काढते ना,
एक वाक्य बोलते
आणि भाजी निवडत बसते,
तसं.
टुप.
टुप टुप.
मधे मी सातपर्यंत मोजायचो.
झिबल मोजत नसे, खोकला आला की हलवायचा,
आणि मासा त्यालाच लागायचा.

ढग असले तर काळी चप्पल.
ऊन असलं तर पांढरी, निळ्या पट्ट्याची.
एकदा ऐन वेळी पांढरी नव्हती,
तर पायातलीच कापली त्याने
आणि एक पाय अनवाणी घरी गेला.
पुस्तकलाबाईचा आवाज पार शाळेपर्यंत आला होता.

पाणी फुटतं तेव्हा हात आपोआप उडतो.
उडाला की गेली.
"आंधी गिरू दे तिले. तू काहून घाई करतं?"
मी किती वेळा रिकामा बेंडूक
स्वतःच्या छातीवर झेललाय.

एक गोष्ट मात्र त्याने शिकवली नाही.
ती मला तुमसरच्या बाजारात कळली,
गरी विकणाऱ्या पोराकडून, फुकटात.

भादव्यात पाण्यावर लाल ठिपक्यांचा घोळका दिसतो,
कुणी तिखट सांडावं तसा.
वर येतो श्वासाला, खाली जातो.
पिल्लं ती, आठ-दहा दिवसांची.
त्यांच्या खाली हातभर पाण्यात ती असतेच.
त्या घोळक्यात बेंडूक टाकला तर
थांबणं नको, मोजणं नको,
चपलेचा रंगही नको.
ती भुकेने येत नाही.

टाकला मी. पहिल्याच टुपला.
अडीच किलो.
गरी ओठाच्या टोकाला लागलेली.
गिळायचा नव्हताच तिला बेंडूक,
नुसता हाकलायचा होता.

झिबल पाळीवर तंबाखू मळत होता.
मळतच राहिला.

वाटा घेऊन त्याच्या घरी गेलो.
पुस्तकलाबाईने ठेवून घेतला,
गंज धुऊन परत दिला,
रिकामा देत नाहीत म्हणून मूठभर तांदूळ टाकून.
रस्सा कसा झाला होता आठवत नाही.

संध्याकाळी सहज म्हणून बोडीवर गेलो.
लाल घोळका तिथंच होता,
सकाळी अर्ध्या परातीएवढा,
आता ताटाएवढा.
कडेला पाणकावळा.
एकदा बुडाला. वर आला.
मग पुन्हा.
मी ढेकूळ मारलं. तो उडाला,
चार हात पुढे जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी झिबलने नवा तुकडा कापून दिला.
"देवधानाकडं टाक," एवढंच म्हणाला.

आता मी बेंडकाला डोळे काढतो,
पोरीच्या नखपॉलिशने, दोन लाल ठिपके.
पाण्यात कुणाला दिसत नाहीत ते.
झिबल बघतो, हसत नाही.
भादवाभर मी तुडुमाकडच्या बाजूला बसतो.
तिकडे मासा कमी लागतो.